देणे कशाचे होते, ते आधी ठरवा

वाचकाचे पत्र : माझ्या पहिल्या चित्रपटाच्या पटकथेचा तिसरा खर्डा सोबत पाठवत आहे. नायक संदीप, वय ४०, पाटण तालुक्यात शेती करतो. वडील तुकाराम जाधव मुंबईला गिरणीत होते, संपानंतर गावी परतले. २०२४ साली ते वारतात. तेराव्याला मंगल नावाची बाई दारात येते आणि ‘मी त्यांची मुलगी’ म्हणते. ट्रंकेत वडिलांचे तीन पानी पत्र सापडते. शेवंता या खानावळवालीचे देणे फेड, असे त्यात लिहिलेले असते. काका विरोध करतो, वकील मृत्युपत्र वाचतो, कोर्ट मंगलला अर्धी जमीन देते आणि संदीप तिला मिठी मारतो. वाचणारे म्हणतात, मालिकेसारखे वाटते. रहस्य कुठे फोडावे? कायद्याच्या चुका आहेत का? आणि बापाचे चाळीस वर्षांपूर्वीचे देणे मुलाने का फेडावे, हेच पटत नाही असे एकाने सांगितले. त्याला काय उत्तर देऊ?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर तुमच्याच दृश्य ९ मध्ये आहे. भावकीतल्या बायका बसलेल्या असताना आई म्हणते, “संपाच्या साली पगाराचा पैसा न्हवता, पर ह्यांची मनीऑर्डर येक म्हयना चुकली न्हाय.” नवऱ्याचे कौतुक म्हणून ती हे बोलते आणि तुम्ही लगेच पुढच्या दृश्याला जाता. तिथे थांबा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, पगार शून्य. मग तुकारामने गावी पाठवलेले पैसे आले कुठून?

ते शेवंताच्या पाटल्यांचे होते, असे ठरवून पाहा. चार तोळ्यांच्या पाटल्या तिने मोडल्या. तेव्हा दहा ग्रॅम सोने सोळाशे-सतराशे रुपयांच्या घरात होते. घट वजा जाता हाती सहा हजार आले असे धरा. फेब्रुवारी १९८२ ते सप्टेंबर १९८३ हे वीस महिने. महिना तीनशे रुपये, वीस मनीऑर्डरी, बरोबर सहा हजार. म्हणजे गावाकडच्या घरात त्या वीस महिन्यांत जी भाकरी शिजली, ती मुंबईतल्या दुसऱ्या बाईच्या हातातल्या सोन्याची होती. आई ज्या गोष्टीचा अभिमान बाळगते, तेच घराचे देणे आहे. हे एवढे जुळले की ‘मुलाने का फेडावे’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही, कारण खाणाऱ्यांत मुलाचे घरही आले.

सध्या तुमच्या पटकथेत देणे मोघम आहे. ‘तिचे उपकार’, ‘तिचे ऋण’ असे शब्द सतरा वेळा येतात, आकडा एकदाही येत नाही. प्रेक्षकाला उपकार दिसत नाहीत, मनीऑर्डरीसोबत येणारी मजकुराची वीस कुपने दिसतात.

आता कायदा. तुमचा वकील म्हणतो, “बापाचं कर्ज मुलाला फेडावंच लागतं.” हे चूक आहे, आणि नेमकी ही चूक तुमची गोष्ट कमकुवत करते. वारसाची जबाबदारी मयताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच असते, स्वतःच्या खिशातून नाही. मुंबई इलाख्यात तर १८६६ सालीच यासाठी वेगळा कायदा झाला होता. ‘बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य’ या तत्त्वावर मुलाविरुद्ध दावा करण्याची वाटही ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती बंद झाली. १९८२ चे कर्ज त्या तारखेआधीचे आहे, म्हणून एखादा हुशार वकील जुना नियम उकरून काढेल. पण उसन्या पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. तुकारामने मधल्या काळात सही-अंगठ्यासह ‘देणे लागतो, देईन’ असे लिहून दिले नसेल, तर ते कर्ज १९८६ च्या आतच कोर्टाच्या दृष्टीने संपले. म्हणून वकिलाच्या तोंडी असे वाक्य द्या : “संदीपराव, तुम्ही एक रुपया देणं लागत नाही.” कायदा त्याला मोकळा सोडतो आणि तरीही त्याला झोप येत नाही. तिथून तुमचा नायक उभा राहतो. कायद्याने भाग पाडलेला माणूस नायक होत नाही, तो फक्त प्रतिवादी असतो.

जुन्या धर्मशास्त्रातली एक गोष्ट मात्र तुमच्या फार कामाची आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत पुत्राने पित्याचे ऋण फेडावे असे सांगताना दारू, काम आणि जुगार यांपायी केलेली ऋणे वगळली आहेत. आता तुमचा काका पाहा. सध्या तो नुसता जमिनीचा लोभी आहे, मालिकेत असतो तसा. त्याला बाजू द्या. तो म्हणेल, “हे बाईपायी केलेलं कर्ज. असलं कर्ज पोरानं फेडायचं नसतं, शास्त्रातच हाय.” आणि तो खोटे बोलत नाही. मग संपूर्ण घरासमोर प्रश्न उभा राहतो तो हा : हे देणे कशाचे? बाईचे की भाकरीचे? काका एक नाव देतो, वीस कुपने दुसरे नाव देतात. तुमच्या चित्रपटातले खरे भांडण हे आहे, आणि ते कोर्टात नाही, माजघरात मिटते.

किती फेडायचे हाही वाद दाखवा, तो अतिशय चित्रपटीय आहे. मुद्दल सहा हजार. गावातला एखादा जाणता म्हातारा दामदुपटीचा दाखला देईल. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचे नाही हा तो जुना नियम, म्हणजे जास्तीत जास्त बारा हजार. आणि सोने परत द्यायचे म्हटले तर २०२४ मध्ये दहा ग्रॅमला सत्तर हजारांच्या वर दर होता, म्हणजे चार तोळ्यांचे अडीच-पावणेतीन लाखांच्या पुढे. सहा हजार, बारा हजार की तीन लाख? संदीपची बायको इथे बोलायला हवी. तुमच्या खर्ड्यात ती फक्त चहा आणते.

शेवंताचे चित्रण पूर्ण बदला. गजरा, खिडकी, ओठांवर हसू, हे सगळे काढून टाका. गिरणगावात सातारा-रत्नागिरीचे पुरुष बायकामुले गावी ठेवून एका गाळ्यात वीस-पंचवीस जण राहत. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून खानावळवालीची चूलही तीन पाळ्यांत पेटलेली असे. माणसे पगाराच्या दिवसापर्यंत उधारीवर जेवत, किराणा मात्र तिला रोखीने किंवा सावकाराच्या व्याजाने आणावा लागे. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, यावरून त्या कर्जाचा फास किती घट्ट होता ते कळेल. संपात त्यांच्या वह्यांतली उधारी फुगत गेली आणि वसूल कोणाकडून करायची हा प्रश्नच राहिला. शेवंता ही अशी बाई आहे. तिच्या हातात पोळपाट आणि हिशेबाची वही द्या. वहीत प्रत्येक गड्याचे पान, रोजच्या दोन जेवणांच्या दोन रेघा, गावी गेला त्या दिवशी ‘खाडा’. तुकारामच्या पानावर १९८२ पासून पुढे एकही खाडा नाही, एकही जमा नाही. एवढे एक पान दाखवलेत तर त्यांच्या नात्यावर वेगळा संवाद लिहावा लागणार नाही.

तीन पानी पत्र काढा. दृश्य ४ मध्ये तुकाराम सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवतो, मग ट्रंकेतले पत्र लिहिले कोणी? ही चूक वाटते, पण तिच्यातच सोने आहे. अंगठेबहाद्दर माणसाच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर मजकूर दुसऱ्याच कोणाच्या हातचा असणार. गावात सगळे समजत की पोस्टाबाहेर बसणारा लिहून देतो, प्रत्यक्षात लिहिणारी शेवंता. आईलाही अक्षरओळख नाही, पोस्टमन कुपन वाचून दाखवी. पण तिने कुपने जपली आहेत, दोऱ्यात ओवून, फडताळात. वर्षानुवर्षे तेच अक्षर पाहून तिला त्याचा आकार पाठ आहे, ‘र’ची लांब शेपटी, मुलीच्या ‘सुनंदा’ या नावातला वाटोळा ‘द’. ज्या दिवशी शेवंताची वही या घरात येते, आई ती उघडते, वाचता येत नसतानाही एका पानावर बोट ठेवते आणि वही मिटते. संवाद नको, संगीत नको. तिला किती वर्षांपासून माहीत होते, हे विचारायची हिंमत संदीपला होऊ नये. हे दृश्य शंभराव्या मिनिटाच्या आसपास ठेवा. तुमच्या खर्ड्यात आईला हे दृश्य ३० मध्ये कळते आणि ती मूर्च्छित पडते. तिला आधीपासून माहीत असणे हजारपट मोठे आहे.

याच ठिकाणी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते. रहस्य एकदा फोडायचे नसते, ते चार पायऱ्यांनी खाली उतरते : शंका, खूण, पुरावा, कबुली. प्रत्येक पायरीवर वेगळे माणूस असावे. एक तक्ता करा. आडव्या रांगेत दृश्यांचे क्रमांक, उभ्या रांगेत संदीप, आई, सुनंदा, काका, मंगल आणि सहावा प्रेक्षक. कोणाला कोणत्या दृश्यात काय कळले, ते चौकटीत लिहा. तुमचा तक्ता आम्ही मांडून पाहिला. एकच बातमी दृश्य २२, २४, २५ आणि ३० मध्ये चार माणसांना चार वेळा सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी प्रत्येकाचा चेहरा दिसतो. मालिकेसारखे वाटते ते यामुळे, विषयामुळे नव्हे. प्रेक्षकाला जे ठाऊक झाले ते पुन्हा सांगायचे नाही. दुसऱ्या पात्राला तीच गोष्ट कळायची असेल, तर सांगून झाल्यानंतरच्या क्षणापासून दृश्य सुरू करा.

मंगलने तेराव्याला दारात येऊ नये. मराठीत रहस्य फोडायचे फार साधे हत्यार आहे, मधले नाव. संपकाळात पटावर असलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे देण्याची योजना आहे. म्हाडाची त्यासाठी मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली आणि त्यानंतरही अर्जदारांच्या कागदपत्रांची छाननी चालू राहिली. संदीप वडिलांचा गिरणीतला पास आणि तिकीट नंबर, म्हणजे कामगार क्रमांक, घेऊन मुंबईला जातो. खिडकीवरचा माणूस पडद्यावर पाहून म्हणतो, “या तिकीट नंबरवर आणखी एक अर्ज आहे. मंगल तुकाराम जाधव. बहीण का?” संदीपची बहीण सुनंदा. बस, संपले. पंचविसाव्या मिनिटाला हे येऊ द्या. मंगलचे लग्न झाले असेल तर तिचे मधले नाव बदलले असणार, म्हणून अर्जात माहेरचे नाव आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला आहे, एवढी काळजी घ्या.

आता मध्यंतर. तुमचे मध्यंतर काकाच्या थपडेवर आहे. त्याऐवजी सेतू केंद्रात न्या. वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, शिधापत्रिकेची प्रत आणि सगळ्या वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र लागते. त्या ठरावीक मजकुरात एक ओळ असते, तिच्यावर तुमचा सगळा चित्रपट तोलून धरता येतो. नमुना म्हणून :

संगणकावरचा मुलगा : मयताचं नाव?
संदीप : तुकाराम गणपत जाधव.
मुलगा : पत्नी?
संदीप : हयात. इंदुबाई.
मुलगा : मुलं?
(पंख्याचा आवाज.)
मुलगा : दादा, मुलं किती?
संदीप : …मी, आन् सुनंदा.
मुलगा (टंकत, वाचत) : ‘याव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही. असल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.’ हितं सही करा.

पेन कागदाजवळ जाते. मध्यंतर. सही केली की नाही, हे उत्तरार्धाच्या पहिल्या दृश्यात कळू द्या. आमचा सल्ला असा की त्याने सही करावी. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि भला माणूस तो दोन मिनिटांत, रांगेत उभा राहून करून बसतो. उत्तरार्धभर त्याला ती सही खात राहील.

तुमच्या खर्ड्यात तो सकाळी तलाठ्याकडे जातो आणि दुपारी स्वतःच्या नावाचा सातबारा घेऊन येतो. असे होत नाही. अर्जानंतर फेरफार नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत जाते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, निकाल न पटल्यास प्रांतांकडे अपील. आणि कोण कोणाची मुलगी, हा वाद शेवटी महसूल खाते ठरवत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. हे पंधरा दिवस म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेले घड्याळ. उत्तरार्ध या पंधरा दिवसांत बसवा. कोर्टाची सगळी दृश्ये उडतील आणि २२ पाने वाचतील. (शासनाने तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले आहे. पाटीवर ते लिहा, माणसांच्या तोंडी तलाठीच राहू द्या.)

‘अर्धी जमीन’ तर कोणत्याच हिशेबाने येत नाही. जमीन दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. ती तुकारामची स्वकष्टार्जित असेल तर आई, संदीप, सुनंदा आणि मंगल यांना प्रत्येकी २० गुंठे. मंगल नसती तर तिघांना प्रत्येकी साडेसव्वीसच्या थोडे वर. म्हणजे तिच्या येण्याने प्रत्येकाचे पावणेसात गुंठ्यांच्या आत कमी होतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी कल्पित वाटणी, म्हणजे मृत्यूच्या आधी वाटणी झाली असे धरून : तुकाराम, आई, संदीप, सुनंदा यांचे वीस-वीस. मग फक्त तुकारामच्या वीस गुंठ्यांचे चार भाग, मंगलला पाच गुंठे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ च्या निकालात अवैध विवाहातल्या अपत्याचा हक्क आईवडिलांच्या अशा वाट्यापुरता मानला आहे, इतर नातेवाइकांच्या मालमत्तेत नाही. आमच्या मते जमीन वडिलोपार्जितच ठेवा. पाच गुंठ्यांसाठी माणसे किती लहान होतात, हे वीस गुंठ्यांपेक्षा जास्त बोलते.

पण यात एक अट आहे, तिचा निर्णय तुम्हालाच करावा लागेल. या कायद्याचे छत्र ‘विवाह झाला, पण पहिली बायको हयात असल्याने तो अवैध’ अशा जोडप्याच्या मुलांना आहे. विवाहविधी काहीच झाला नसेल तर मंगलची बाजू फार लंगडी होते. तुकारामचे गावचे लग्न १९७५ चे, मंगलचा जन्म १९८० चा. १९७९ मध्ये एखाद्या देवळात हार घातले होते का? खानावळीतल्या चार माणसांनी अक्षता टाकल्या होत्या का? घातले असतील तर साक्षीदार कोण जिवंत आहे? पटकथा ‘दोघं एकत्र राहत होते’ एवढ्यावर थांबते. हे मोघम ठेवून चालणार नाही, कारण उत्तरार्धात संदीप याच प्रश्नाचे उत्तर शोधत लालबागमध्ये फिरू शकतो. जुन्या गाळ्यातला एखादा म्हातारा त्याला सांगेल, आणि ते उत्तर लपवायचे की नाही हे संदीपच्या हाती येईल.

मृत्युपत्र वाचनाचे दृश्य रद्द. आपल्याकडे वकील सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून मृत्युपत्र वाचत नाही, पाटण तालुक्यात तर नाहीच. शिवाय नोंदलेले मृत्युपत्र असेल तर प्रतिज्ञापत्राचे सगळे नाट्यच निघून जाते.

दहाव्याला पिंडाला कावळा न शिवण्याचे दृश्य पुष्कळदा येऊन गेले आहे, तरी काढू नका. मयताची इच्छा अडली आहे म्हणून घाटावर एकेक नातेवाईक मोठ्याने शब्द देतो, ही आपल्याकडची खरी रीत आहे. तुमच्याकडे संदीपने ‘देणं फेडीन’ म्हणताच कावळा झेप घेतो. तो चमत्कार काढा. सगळ्यांचे शब्द देऊन होतात, ऊन चढते, गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि माणसे चपला शोधू लागतात. कॅमेरा मागे राहतो, पलीकडच्या पायऱ्यांवर एक अनोळखी बाई उभी आहे. मंगलचे पहिले दर्शन हे.

देणे आणि वाटा या दोन गोष्टी तुम्ही एकत्र कालवल्या आहेत. देणे शेवंताचे आहे, वाटा मंगलचा. घराला देणे फेडायला आवडेल, कारण पैसे दिले की नाव नाकारता येते. काकाच म्हणू दे, “तीन लाख घे म्हणावं, आन् लिहून दे.” मंगलने पैसे नाकारावेत. आईचे पैसे आईला द्या, माझे नाव कागदावर लिहा, एवढेच तिचे म्हणणे. तेव्हा काका हक्कसोडपत्राची शक्कल काढतो आणि तिथेच अडकतो, कारण नोंदणीकृत हक्कसोडपत्रात ती मयताची मुलगी आहे, म्हणून तिला हक्क आहे, असे आधी लिहावे लागते. तिचे नाव पुसण्यासाठी ते आधी लिहायला हवे. हा पेच कायद्याने तुमच्या हातात आयता दिला आहे.

आणि त्याच टेबलावर सुनंदाकडूनही सही मागितली जाते आहे, ‘माहेर तुटू नये’ म्हणून. सख्ख्या बहिणीने हक्क सोडायचा आणि सावत्र बहिणीने हक्क सिद्ध करायचा, हे एका चौकटीत दाखवा. सुनंदाला सध्या अकरा वाक्ये आहेत. तिने पेन खाली ठेवावे आणि म्हणावे, “आधी तिचं नाव लिवा, मग माझ्या सहीचं बघू.”

शेवटची मिठी काढा. पंधराव्या दिवशी संदीप स्वतः तलाठ्याकडे जाऊन स्वतःच्याच नोंदीवर हरकत देतो आणि चौथे नाव सांगतो. मंगल त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तिला काय हाक मारायची हा प्रश्न चित्रपटभर टाळा. इथे नातेसंबंधाच्या रकान्यात काय लिहू असे तलाठी विचारतो आणि संदीप पहिल्यांदा म्हणतो, “आक्का हाय माझी.”

थोडे खर्चाचे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुमची १४८ पाने आहेत, ती ११५ च्या आसपास आणा. पूर्वकथा सध्या ४० मिनिटांची आहे, बारावर आणा. गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत, १९८२ चा रस्ता उभा करणे तुमच्या पैशांत बसणार नाही. एक खोली घ्या : रॉकेलचा स्टोव्ह, भिंतीला टेकवलेल्या वळकट्या, पितळी ताटांची चवड, कोनाड्यात वही. बाहेरचे गिरणगाव आवाजाने उभे करा. संपाआधीच्या दृश्यांत भोंगा ऐकू येतो, माणसे त्यावर उठतात-बसतात. संपानंतरच्या दृश्यात सगळे ताटावर बसलेले असतात, भोंग्याची वेळ होते आणि तो वाजत नाही. दृश्य ५१ मध्ये ‘संप मिटल्यावर सगळ्यांना भरपाई मिळाली’ असे वाक्य आहे, ते खोडा. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या कमी माणसांवर सुरू झाल्या, असंख्य माणसे बाहेरच राहिली. तुकारामही त्यांच्यातलाच, आणि तो शेवंताला न सांगता गावी का आला, याचे उत्तर लाज एवढेच पुरे आहे.

चौथ्या खर्ड्याआधी वयांचा तक्ता भिंतीवर लावा. मंगल दृश्य १२ मध्ये ४२ वर्षांची आहे, दृश्य ५८ मध्ये ४६. १९८० चा जन्म धरला तर दोन्ही ठिकाणी ४४ हवे.